उलट उत्तर

चुडामण मुकादमाचं तोंड फार वाईट, हे तापीकाठच्या जैनाबादच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. केळी तोडणाऱ्या गड्यांची टोळी घेऊन तो बागेत शिरला की त्याची जीभ सुटायची, ती पार काम आटपेपर्यंत. कुणाचा बाप काढ, कुणाची सासुरवाडी काढ, कुणाला मढ्या म्हण, कुणाला ऐतखाऊ. देवाचं नाव घ्यायच्या वेळी हा माणूस शिव्यांची पेटी उघडून बसायचा. नवख्या गड्याला वाटे, आता इथं डोकी फुटणार. पण टोळीतली माणसंही काही मुकाट्यानं ऐकून घेणारी नव्हती. चुडामण म्हणे, "काय बे भाईदास, पाय घरी इसरला का? एक घड उचलायले इतका वेळ?" तर भाईदास खांद्यावरचा घड न उतरवताच म्हणे, "इसरलो ना मुकादम. तुमचे नुसते बसूनच असतात, ते द्या उसने." मग सगळी बाग हसायची आणि काम पुढं सरकायचं.

वैशाखात केळीच्या बागेत सावली असते, पण वारा नसतो. खाली पाटाचं पाणी, वर पानांचं छप्पर, मध्ये माणूस. घाम येतो आणि अंगावरच राहतो. भलेभले या सावलीला फसतात. इथला माणूस एकदम पडत नाही. आधी गप्प होतो आणि मग पडतो. चुडामणनं हे तरणा होता तेव्हापासून पाहून ठेवलं होतं. म्हणून तो शिवी हासडायचा आणि कान देऊन उभा राहायचा. उत्तर झटक्यात आलं तर गडी धड. उत्तर रेंगाळलं, जीभ जड वाटली किंवा नुसतंच 'हं' आलं, तर तो खांद्यावरचा घड काढून घ्यायचा, गड्याला मानगुटीला धरून पाटात बसवायचा, डोक्यावर पाणी ओतायचा, वरून गूळ-मीठ घातलेलं कैरीचं पन्हं पाजायचा. आणि तो गडी आपणहून शिवी देईपर्यंत त्याला उठू द्यायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात दगाला असंच पाटात बसवलं होतं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "मुकादम, तुमच्या मिशीले आग लागो." तेव्हा चुडामणच्या जिवात जीव आला होता.

हे त्यानं कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? टोळीला वाटे, आपला मुकादम तोंडाळ आहे, बाकी माणूस बरा. कळलं होतं ते एकट्या मालूबाईला. घडांभोवती लावायचा वाळका पाला आणायचं आणि माठ भरायचं काम ती करायची. नवरा जाऊन जमाना झालेला, पाठीत वाकलेली, पण जीभ मुकादमाच्या वरताण. चुडामणला 'अरे-तुरे' करणारी टोळीत ती एकटीच.

त्या साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चुडामणची लेक आशा माहेरी आली आणि तिला पोचवायला जावई आला. आता आखाजीला लेकी येतातच. झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, दारादारांत पुरणाचे मांडे होतात. जावई येतो, जेवतो, मान घेतो आणि आपल्या वाटेनं जातो. हा जावई गेला नाही. झोके सुटले, गौराई बोळवली, तरी मधुकर ओसरीवर खाटेवर बसून होता.

रंभाबाईनं, म्हणजे चुडामणच्या बायकोनं, लेकीला आत घेऊन हळूच विचारलं. तेव्हा कळलं की मधुकरची नोकरी गेली होती. राज्याची नवी वाटणी होऊ घातली होती. नागपूर एकीकडे जाणार, बऱ्हाणपूर दुसरीकडे राहणार, आणि कचेऱ्यांची दप्तरं कुठल्या गावाला जाणार हे खुद्द साहेबांनाही सांगता येत नव्हतं. त्या ओढाताणीत हंगामी बाबूंना घरी बसवलं, त्यात मधुकर होता. पण त्याहून वाईट म्हणजे हे त्यानं आपल्या वडिलांना सांगितलं नव्हतं. वडील दत्तात्रय मास्तर बऱ्हाणपुरातल्या बुधवाऱ्यात मानाचे. गल्लीत कुणीही आपल्या पोराला शिकवणी लावायची तर आधी त्यांच्या ओट्यावर यायचा. त्यांना वाटत होतं, पोरगा रजा काढून सासुरवाडीला आराम करतोय.

चुडामणला हे ऐकून जावयाचा राग आला नाही. त्याला भीतीच वाटली. लेक शहरात दिली, मास्तराच्या घरात दिली, ही त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. एकाच जातीतली दोन घरं, पण मास्तरांचा आजा गाव सोडून गेला आणि शिकला, याचा आजा केळी वाहत राहिला, एवढाच काय तो फरक. मास्तरांपुढे बसताना चुडामण अजून हात गुडघ्यांत घेऊन बसायचा. जावयाला तो 'जावईबापू' म्हणायचा, अहो-जाहो करायचा आणि त्याच्यासमोर साधी विडीसुद्धा ओढायचा नाही.

ओसरीवर बसलेल्या जावयावर गावाची नजर जायला वेळ लागत नाही. पाणवठ्यावर बाया रंभाबाईला विचारायला लागल्या, पाव्हणे अजून आहेतच का? एक दिवस पाव्हणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. म्हण कुणी पुरी केली नाही, पण मधुकरच्या कानावर अर्धी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे चुडामण बाहेर पडला तर मधुकर धोतर खोचून अंगणात उभा.

"मामा, मी येतो तुमच्याबरोबर."

चुडामणनं कानाला हात लावला. जावयाला काम लावलं तर लोक तोंडात शेण घालतील, तुम्ही आराम करा, असं बरंच काही बोलला. मधुकर ऐकून घेत होता आणि जागचा हलत नव्हता. शेवटी तो एवढंच म्हणाला, की आयतं खाऊन घास उतरत नाही. चुडामणला ते पटलं. खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटलं. बाया आता काय बोलणार? जावई ऐतखाऊ नाही, हे गावाला दिसेल. त्यानं आपल्या हातानं जावयाच्या खांद्यासाठी गोणपाटाची घडी करून दिली.

मधुकर कामाला वाईट नव्हता. बारीक अंगाचा, पण चिवट. घड उचलायची रीत एकदा दाखवली ती त्यानं धरली. पहिल्या दिवशी खांदा सोलून निघाला तरी तोंडातून 'हाय' नाही. अडचण वेगळीच झाली. त्याच्यापाशी आलं की चुडामणची जीभ टाळ्याला चिकटायची. भाईदासला मढ्या म्हणून झालं, दगाचा बाप काढून झाला, आणि मग तो मधुकरसमोर उभा राहायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "जावईबापू, बरं आहे ना?"

"हो मामा, बरं आहे."

दिवसभर हेच. मधुकरला काही झालं असतं तरी तो हेच म्हणाला असता. सासऱ्यानं 'बरं आहे ना' विचारल्यावर 'नाही' म्हणायची पद्धत कुठं आहे? त्यात जावई मास्तरांचा, वळण लावलेला.

मालूबाईनं एक-दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी पाटावर माठ भरत असताना ती चुडामणला म्हणाली, "तू त्याले एक शिवी हासड रे."

"कोणाले?"

"जावयाले. सगळ्यायले देतो, त्यालेच कायले सोडतो? मले काही कळत नाही तो आतून कसा आहे. 'बरं आहे, बरं आहे' करतो. पोपट बी म्हणतो बरं आहे."

चुडामणचं डोकंच फिरलं. जावयाला शिवी? उद्या मास्तरांच्या कानावर गेलं तर? तो तिला म्हणाला, की तुझी जीभ झडली नाही अजून, माझा जावई आहे तो, टोळीतला गडी नाही. मालूबाई माठ कमरेवर घेऊन निघून गेली. ती बरोबर बोलतेय हे त्याला त्याच वेळी कळलं होतं. नंतर त्यानं पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं की कळलं नव्हतं, पण ते खोटं होतं.

मग वाघीण लागली. मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. तिचं लोखंडी पोट दिवसभर उन्हात तापत पडलेलं असतं आणि तिच्यात केळी भरायची असतात. दुपारची मालगाडी येऊन तिला जोडून नेणार, त्याच्या आत भरणं संपवायचं, नाहीतर तोडलेला माल जागीच पिकून सडणार. टोळीनं रातच्या चांदण्यातच घड तोडले. गाड्या भरल्या. उजाडताना बैल तापीच्या उतारातून पलीकडे चढले. पाणी बैलांच्या गुडघ्यालाही लागत नव्हतं.

गाड्या शहरातून जायच्या होत्या. वेस जवळ आली तसं मधुकरनं उपरणं डोक्यावरून घेऊन तोंडावर ओढलं. बुधवाऱ्याच्या तोंडाशी दुकानदार फळ्या काढत होते, कुणी सडा टाकत होतं. चुडामण पुढच्या गाडीवर होता. त्यानं मागं वळून पाहिलं आणि पटकन मान पुढं केली. गाड्या थेट लालबागच्या रेल्वे स्टेशनापर्यंत गेल्या.

भरायची रीत ठरलेली होती. बाहेरचे गडी घड खांद्यावरून दारापर्यंत आणणार, आतला गडी ते घेऊन पाल्याच्या आधारानं उभे लावणार. आतला गडी सारखा बदलायचा. दहा-वीस घड लागले की तो बाहेर, दुसरा आत. बाहेर आलेल्यानं अंगावर पाणी घ्यायचं, पन्हं प्यायचं, निंबाखाली बसायचं. हा नियम चुडामणचा होता आणि त्यात तो बापालाही सूट द्यायचा नाही.

मधुकर आपणहून आत चढला. त्याची पाळी झाली तेव्हा दगा दाराशी येऊन उभा राहिला. मधुकर म्हणाला, असू द्या, मला जमतंय. दगानं चुडामणकडे पाहिलं. तेवढ्यात फलाटाच्या बाजूनं दोन माणसं येताना दिसली. पांढऱ्या टोप्या, हातात छत्र्या. त्यातला एक मास्तरांच्या शाळेतला होता. चुडामणनं लग्नात त्याला नारळ दिला होता. मधुकरनं दारातून ते पाहिलं आणि तो मागं सरला, वाघिणीच्या पार आतल्या कोपऱ्यात, जिथं डोळे फाडून पाहिलं तरी नुसती पानंच दिसत होती.

त्या घटकेला चुडामणला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. जावई दिसला नाही, बरं झालं. चुडामण मुकादमाचा जावई हमाली करतो, असं शहरात झालं नाही, बरं झालं. तो दगाला म्हणाला, "राहू दे त्यायले आत. तू बाहेरून दे." ती माणसं निघून गेली, तरी त्यानं जावयाला बाहेर बोलावलं नाही. कारण शहर होतं, आणखी कुणीही येऊ शकत होतं.

ऊन मी म्हणायला लागलं. रुळांकडे पाहवत नव्हतं. वाघिणीच्या पत्र्याला हात लागला की गडी हात झटकायचे. चुडामण दारातून डोकं घालायचा तेव्हा आतली वाफ तोंडावर यायची.

"जावईबापू, बरं आहे ना?"

"हो मामा. बरं आहे."

त्यानं पाण्याचा तांब्या आत दिला. मधुकरनं घेतला, थोडं प्याला, बाकीचं सांडलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. आवाज जरा बसला होता, पण पाल्याची धूळ नाकातोंडात जातेच. मालूबाई पाला घेऊन दाराशी आली, आत बघितलं, चुडामणकडे बघितलं. या वेळी ती बोलली नाही, एकदा बोलून झालं होतं.

तिसऱ्यांदा चुडामणनं दारातून हाक दिली, की जावईबापू, आता बाहेर या, थोडंच राहिलं आहे. आतून आवाज आला, मोठा आणि मोकळा.

"साहेब, सगळं लावलं जागच्या जागी. आता तुमची सही तेवढी राहिली."

चुडामणला हसू फुटलं. जावई बोलला! सासऱ्याला साहेब म्हणाला, मुकादमाची टिंगल केली! इतके दिवस 'हो मामा, हो मामा' करणारा माणूस टोळीत मिसळला, टोळीसारखा उलट बोलायला लागला. चुडामणला इतका आनंद झाला, की त्यानं दारावर थाप मारली आणि म्हणाला, "मंग बाबूसाहेब, चहा मागवू का?" आतून काहीतरी हसल्यासारखं ऐकू आलं. तो वळून दगाला म्हणाला, "पाह्यलं का? आमचे पाव्हणे बी उत्तर द्यायले लागले." दगाही हसला. चुडामण शेवटच्या गाडीचे घड उतरवायला गेला. उत्तर आलं होतं, गडी धड होता. सगळ्या जन्माचा हिशेब त्यानं याच खुणेवर केला होता.

शेवटच्या गाडीचा पहिला घड घेऊन दगा दाराशी गेला आणि तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं हाक दिली.

"मुकादम, घ्यायले कोणी नाही."

चुडामण कसा चढला ते त्याला कळलं नाही. घड ढकलत, पाला तुडवत तो आतल्या कोपऱ्यात गेला. मधुकर भिंतीला टेकून बसला होता. डोळे अर्धे उघडे, हात मांडीवर. चुडामणनं पहिल्यांदाच जावयाच्या मानेला हात लावला. मान तव्यासारखी तापलेली आणि कोरडी ठक्क. अंगावर घामाचा टिपूस नाही, सदऱ्यावर नुसते मिठाचे पांढरे डाग.

"ए मढ्या!" चुडामण ओरडला. "ऊठ! ऐतखाऊ, ऊठ! सासऱ्याच्या जिवावर झोपला का? ऊठ ना रे, गाढवा!"

आत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शिव्या बाहेर पडल्या. एकाही शिवीला उत्तर आलं नाही.

मग जे करायचं ते सगळं झालं. दगा आणि भाईदासनं त्याला उचलून निंबाखाली आणलं. मालूबाईनं एकामागून एक माठ त्याच्या अंगावर रिते केले. ओलं गोणपाट घातलं, केळीच्या पानांनी वारा घातला, कुणी कांदा फोडून तळव्यांना चोळला. टांगा केला. दवाखान्यात डॉक्टरांनीही पाणीच घातलं, सुई दिली, आणि चुडामणला विचारलं, किती वेळ होता आत? चुडामणला सांगता येईना. दिवेलागणीच्या आधी मधुकर गेला.

दत्तात्रय मास्तर छत्री घेऊन आले होते, ती मिटायचीही त्यांना शुद्ध नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते तशीच उघडी छत्री धरून उभे होते. रडत नव्हते. एकच गोष्ट फिरून फिरून विचारत होते. "रजेवर होता हो तो. आराम कर म्हटलं होतं मी. वाघिणीत कसा गेला?"

व्हरांड्याच्या टोकाशी आशा आईच्या मांडीवर डोकं घालून पडली होती. चुडामणनं तिकडे पाहिलं. नोकरी गेली होती, हे आता तरी सांगायला हवं होतं. मी आत ठेवला, लोकांना दिसू नये म्हणून, हेही सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडून आलं ते वेगळंच.

"हौस म्हणून चढले, मास्तर. मी नकोच म्हणत होतो."

मास्तरांनी मान हलवली. छत्रीचा दांडा बगलेत धरून त्यांनी हात जोडले. म्हणाले, तुम्ही तरी काय करणार, जावयाला कोण अडवणार. चुडामणला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी पायातली वहाण काढली असती तर बरं झालं असतं. आशानं डोकं वर केलं नव्हतं, पण तिनं ऐकलं होतं. ती एकदम रडायची थांबली होती.

तेराव्याचे दिवस झाले, आणि आशाला माहेरी आणलं. कपाळ मोकळं, हात मोकळे. ती सकाळी उठून आईबरोबर भाकऱ्या टाकायची, वडलांना ताट वाढायची. चुडामणला घास गिळवायचा नाही, पण न खाल्लं तर ती विचारील, का खात नाही, म्हणून तो कोंबायचा. लेकीची नजर चुकवण्यासाठी बाप आपल्याच घरात चोरासारखा वावरायला लागला. रंभाबाई त्याला काही म्हणाली नाही. तिनं आदळआपट केली असती, ऊर बडवून दोष दिला असता, तर त्याला सोसलं असतं. सगळे कसे त्याच्याशी जपून बोलत होते.

एकदा ताट वाढून झाल्यावर आशा समोर बसली. पदराच्या काठाशी चाळा करत म्हणाली, "आबा, शेवटी काय म्हणाले हो ते? तुमच्याशीच बोलले ना शेवटचं?"

चुडामणचा हात भाकरीवरच राहिला. काय सांगणार? मला साहेब म्हणाला, म्हणून सांगू? त्याच्या डोक्यात कचेरी भरली होती, गेलेली नोकरी तिथं आत त्या अंधारात परत आली होती, तो सही मागत होता, आणि मी हसलो, दारावर थाप मारली, चहा मागवू का म्हणालो, हे सांगू?

"बरं आहे म्हणाले," तो म्हणाला. "मी विचारलं, तर बरं आहे म्हणाले."

आशानं मान डोलावली. त्यांचं तसंच होतं, असं काहीतरी पुटपुटली आणि पाणी आणायला उठली. चुडामणनं भाकरी पाण्याच्या घोटानं उतरवली. आयुष्यात तो पुष्कळ खोटं बोलला होता, पण पोरीच्या तोंडावर इतकं जड खोटं कधी बोलला नव्हता.

घरात बसून डोकं फुटायची वेळ आली, तेव्हा तो पुन्हा टोळीवर गेला. वैशाख सरला होता, ज्येष्ठातलं ऊन अजून होतं, पावसाचा मागमूस नव्हता. त्याला वाटलं होतं, काम तरी आपलं राहिलं आहे. बागेत शिरताच त्याला कळलं की तेही राहिलं नाही.

टोळी अदबीनं वागायला लागली होती. दगा म्हणे, "हाव मुकादम." भाईदास म्हणे, "आलो मुकादम." दुःखातल्या माणसाची थट्टा करू नये, एवढी रीत सगळ्यांना होती. चुडामणनं एकदा धीर करून भाईदासला हाक मारली, "काय बे मढ्या," आणि तो शब्द तोंडातून निघताच स्वतःच चपापला, कारण वाघिणीत तोच शब्द त्यानं ओरडला होता. भाईदासनं मान खाली घातली आणि घड घेऊन निघून गेला. उत्तर नाही. भाईदास गप्प झाला तो मुकादमाच्या दुःखापायी, की ऊन लागून? कसं ओळखायचं?

चुडामण प्रत्येकाच्या मागं फिरायला लागला. याच्या मानेला हात लाव, त्याचा सदरा चाचप. घाम आहे का? डोळे कसे आहेत? बसा, पाणी प्या, बसा. चार घड झाले की बसा. गडी बसायचे, मुकाट्यानं पाणी प्यायचे, एकमेकांकडे बघायचे. आणि मुकादम विचारायचा, "दगा, बरं आहे ना? भाईदास, बरं आहे ना?" आणि सगळे म्हणायचे, हाव मुकादम, बरं आहे. ते शब्द ऐकले की तो पुन्हा पहिल्यापासून माना चाचपायला लागायचा.

पुन्हा वाघीण लागली. पुन्हा तोच लालबागचा रूळ, तोच तापलेला पत्रा. चुडामण दाराच्या पुढ्यात उभा राहिला आणि आत कुणाला पाठवावं हे त्याला ठरवता येईना. दगा चढला. दगानं चार घड लावले तोच चुडामणनं त्याला उतरवलं. भाईदास चढला, त्यालाही उतरवलं. व्यापाऱ्याचा माणूस येऊन कुरकुर करून गेला. माल खाली तसाच पडून होता.

मालूबाई डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन आली. तिच्या पाठीला पोक, पाय फाकलेले, भाऱ्याखाली तोंड दिसत नव्हतं. चुडामण पुढं झाला आणि हळू, जवळजवळ हात जोडल्यासारखा म्हणाला,

"मालूबाई, बरं आहे ना?"

मालूबाईनं भारा त्याच्या पायांपाशी टाकला. टोळीला वाटलं, म्हातारी पडली. पण ती कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली, जितकी सरळ तिला होता येत होतं तितकी.

"बरं आहे का म्हणून इचारतो? असंच गोड गोड इचारून जावई खाल्ला तू. आता आमचा बी घास घेतो का, मेल्या?"

भाईदासच्या हातातला तांब्या तसाच तिरका राहिला, पाणी सांडत होतं. दगानं मान फिरवली. असं कुणी कुणाला बोलत नाही. वैऱ्यालाही बोलत नाही.

इतके दिवस जे कुणी बोललं नाही, मास्तर नाही, रंभाबाई नाही, आशा नाही, ते चुडामणच्या तोंडावर आलं होतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्यातूनच तो मालूबाईकडे बघत राहिला. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. डोळे रागानं लाल, पण जागेवर. जीभ कुठं अडखळली नव्हती. शब्द झटक्यात आला होता.

म्हातारी धड होती.

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग तो दगाकडे वळला, दोनदा घसा साफ केला आणि ओरडला, "ए ऐतखाऊ, तिकडं काय पाहतो? चढ आत!" आणि कान देऊन उभा राहिला.